तीस पौंडांचा स्ट्रायकर: इंग्लंडमधलं ‘नॉन-लीग’ फुटबॉल समजून घेताना

१८ मे २०२५ रोजी लेस्टरच्या मैदानावर जेमी वार्डीने इप्सविचविरुद्ध गोल केला. लेस्टर सिटीसाठी तो त्याचा पाचशेवा आणि शेवटचा सामना होता आणि तो गोल होता दोनशेवा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो इटलीच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये खेळायला क्रेमोनेझे क्लबकडे गेला.

या बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास असायचं: ‘विशीत असताना वार्डी नॉन-लीगमध्ये आठवड्याला तीस पौंडांवर खेळत होता.’ तीस पौंड म्हणजे आजच्या दराने साधारण साडेतीन हजार रुपये. आपल्याकडचा प्रीमियर लीग आवडीने पाहणारा वाचकही इथे अडखळतो. नॉन-लीग म्हणजे लीगच नाही, असं का? मग तो खेळत कुठे होता? आणि इंग्लंडचा भावी स्ट्रायकर तिथे खेळत असताना देशभरातल्या फुटबॉल अकादम्यांचं लक्ष कुठे होतं? ही उत्तरं नीट पाहिली तर वार्डीची गोष्ट निव्वळ नशिबाची राहत नाही. त्यामागे एक व्यवस्था आहे आणि मला ती मनापासून आवडते.

नावातच गोंधळ आहे

इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा क्लबांनी मिळून ‘फुटबॉल लीग’ नावाची स्पर्धा सुरू केली. जगातली ही पहिली फुटबॉल लीग. पुढे ती वाढत गेली आणि तिच्या चार पातळ्या झाल्या. १९९२ मध्ये सगळ्यांत वरची पातळी वेगळी होऊन प्रीमियर लीग बनली. आज या वरच्या चार पातळ्यांवर मिळून ९२ क्लब आहेत: प्रीमियर लीगमध्ये २० आणि चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू या तिन्हींमध्ये प्रत्येकी २४.

या ९२ च्या बाहेर जे काही आहे ते ‘नॉन-लीग’. म्हणजे ‘त्या विशिष्ट लीगच्या बाहेरचं’ एवढाच या शब्दाचा अर्थ. तिथेही लीग आहेत, किंबहुना वरच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. पाचव्या पातळीवर एकच देशव्यापी स्पर्धा आहे, तिचं नाव नॅशनल लीग. सहावीवर तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होतात. सातवीवर चार विभाग, आठवीवर आठ. त्याखाली परगण्यांच्या आणि गावांच्या लीग, आणि अगदी तळाशी रविवारी सकाळी सार्वजनिक मैदानावर खेळणारे संघ. वर निमुळती आणि खाली पसरत जाणारी ही रचना म्हणून तिला ‘पिरॅमिड’ म्हणतात.

मुंबईकर वाचकांना कांगा लीग आठवेल. भर पावसात, चिखलात खेळली जाणारी, ‘ए’पासून ‘जी’पर्यंत डिव्हिजन असलेली ती क्रिकेट स्पर्धा. खालच्या डिव्हिजनचा संघ जिंकत राहिला तर वर चढतो आणि वरचा हरत राहिला तर खाली उतरतो. त्या शिडीच्या वर तशाच आणखी पायऱ्या जोडल्या आहेत आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर थेट देशातली सर्वांत मोठी स्पर्धा आहे, अशी कल्पना करा. इंग्लंडमधला पिरॅमिड साधारण तसा आहे.

पण ही शिडी नेहमी जोडलेली नव्हती

१९८७ पर्यंत चौथी आणि पाचवी पातळी यांच्यामध्ये पायरीच नव्हती, दार होतं, आणि दाराची कडी आतून होती. लीगच्या तळाला राहिलेले चार क्लब दरवर्षी ‘आम्हाला पुन्हा घ्या’ असा अर्ज करायचे. बाहेरचे क्लबही अर्ज करायचे आणि मतदान करायचे ते लीगमधले इतर क्लब. एखाद्या सोसायटीत नवा सभासद घ्यायचा की नाही हे जुने सभासदच ठरवतात, तसं. साहजिकच बहुतेक वेळा जुनेच परत निवडून यायचे. कधीतरी दार उघडायचं. १९७२ मध्ये हेरफर्डला, १९७७ मध्ये विम्बल्डनला आणि १९७८ मध्ये विगनला आत घेतलं गेलं. याच विम्बल्डनने १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफए कप, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला. दार बंदच राहिलं असतं तर हा क्लब तिथवर पोहोचलाच नसता.

१९८७ मध्ये नियम बदलला आणि पाचव्या पातळीचा विजेता आपोआप वर जाऊ लागला. पहिला मान स्कारबरोला मिळाला आणि लिंकन सिटी खाली उतरलं. २००३ पासून दोन क्लब वर जाऊ लागले: एक थेट, दुसरा प्ले-ऑफ जिंकून. वरच्या कुठल्याही पातळीवर यापेक्षा जास्त क्लब चढतात, त्यामुळे ‘आम्हालाही तीन जागा द्या’ ही नॅशनल लीगच्या क्लबांची मागणी आहे. ती मला रास्त वाटते. २०२२-२३ चा मोसम पाहा. हॉलिवूडच्या रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी यांनी विकत घेतलेल्या रेक्समने १११ गुण मिळवले आणि दुसऱ्या आलेल्या नॉट्स काउंटीने १०७. १०७ गुण मिळवूनही नॉट्स काउंटीला प्ले-ऑफच्या दिव्यातून जावं लागलं. ते त्यातून पार पडले, पण तिथे एखाद्या संध्याकाळी पाय घसरला असता तर वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असती.

आता स्ट्रायकरकडे वळू: तो पोट कशावर भरतो?

स्ट्रायकर म्हणजे गोल करणं हे ज्याचं मुख्य काम तो सगळ्यांत पुढचा खेळाडू. प्रीमियर लीगमधल्या स्ट्रायकरचा दिवस सरावात, जिममध्ये आणि फिजिओच्या टेबलावर जातो. आठव्या पातळीवरच्या स्ट्रायकरचा दिवस कामावर जातो. तो वीटकाम करतो, गोदामात असतो, शाळेत शिकवतो किंवा व्हॅन चालवतो. सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी. सामना शनिवारी दुपारी तीनला आणि बऱ्याचदा मंगळवारी रात्री आणखी एक. मंगळवारचा सामना दीडशे किलोमीटरवर असला तर त्या दिवशी कामावरून लवकर सुटी मागायची, मध्यरात्री घरी परतायचं आणि सकाळी पुन्हा हजर व्हायचं.

या खेळाडूंना ‘पार्ट-टाइम’ म्हणतात. नॅशनल लीगमधले बहुतेक क्लब आता पूर्णवेळ पगारी खेळाडू ठेवतात, पण जसजसं खाली जावं तसतसा पगार आटत जातो आणि शेवटी प्रवासखर्च एवढंच हाती उरतं.

करारही वेगळे असतात. वरच्या लीगमध्ये खेळाडू दोन-चार वर्षांच्या करारावर असतो आणि दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर ट्रान्सफर फी, म्हणजे सोडवणुकीची रक्कम, भरावी लागते. खालच्या पातळ्यांवर बरेच जण ‘नॉन-कॉन्ट्रॅक्ट’ असतात. नाव क्लबकडे नोंदलेलं असतं, पण बंधन सैल. दुसऱ्या क्लबने लेखी कळवायचं आणि सात दिवसांनी थेट खेळाडूशी बोलायचं. जुन्या क्लबच्या हाती काहीच पडत नाही. वीस गोल करणारा पोरगा एका आठवड्यात निघून जाऊ शकतो, म्हणून चांगला स्ट्रायकर सापडला की शहाणा क्लब पदरमोड करून का होईना, त्याच्याशी पक्का करार करून टाकतो. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर हीच सैल गाठ त्याची ताकद असते. वर जायची संधी आली तर कुणी अडवत नाही. आणि दुखापत झाली तर कुणी सांभाळतही नाही. गुडघा गेला की सामन्याचे पैसे जातात आणि सोमवारची रोजंदारीसुद्धा जाते. या जगातली ही सर्वांत कठोर गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

वार्डी एकेक पायरी कसा चढला

वार्डी शेफील्डचा. जन्म ११ जानेवारी १९८७. तिथल्या शेफील्ड वेन्सडे या मोठ्या क्लबच्या अकादमीत तो होता. सोळाव्या वर्षी त्याला काढून टाकलं गेलं, कारण तो अंगापिंडाने लहान होता. काही महिने त्याने फुटबॉलच सोडलं. मग तो स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबमध्ये गेला. स्टॉक्सब्रिज हे शेफील्डजवळचं पोलाद कारखान्याचं गाव आणि ‘स्टील्स’ हे नाव तिथूनच आलं. २००७ पासून वार्डी त्यांच्या मुख्य संघातून खेळू लागला. हा क्लब तेव्हा आठव्या पातळीवर होता. दिवसा तो एका कारखान्यात काम करायचा. तिथे मोडलेल्या हातापायांना आधार देणाऱ्या पट्ट्या बनत.

त्याच वर्षी एका मारामारीच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली आणि सहा महिने पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा आला. कर्णयंत्र वापरणाऱ्या मित्राची टर उडवली गेली म्हणून मी मध्ये पडलो, असं त्याने नंतर सांगितलं आहे. संध्याकाळी ठरावीक वेळेच्या आत घरी पोहोचणं सक्तीचं होतं. त्यामुळे बाहेरगावच्या सामन्यात तो तासभर खेळायचा, बदली खेळाडू आत यायचा आणि वार्डी कुंपणावरून उडी मारून आईवडिलांच्या गाडीत बसायचा. त्या तासाभरात जमतील तेवढे गोल करून जायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

२०१० मध्ये हॅलिफॅक्स टाउनने त्याच्यासाठी सुमारे १५ हजार पौंड मोजले. हा क्लबही समजून घेण्यासारखा आहे. जुना हॅलिफॅक्स क्लब २००८ मध्ये कर्जात बुडाला आणि गावकऱ्यांनी नव्या नावाने तो खालच्या पातळीवरून पुन्हा सुरू केला. अशा क्लबांना इंग्लंडमध्ये राखेतून उठणाऱ्या पक्ष्याच्या नावाने ‘फीनिक्स क्लब’ म्हणतात. वार्डीच्या गोलांवर हॅलिफॅक्सने सातव्या पातळीची स्पर्धा जिंकली. २०११ च्या ऑगस्टमध्ये तो पाचव्या पातळीवरच्या फ्लीटवुड टाउनकडे गेला. लँकेशायरच्या किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं गाव. तिथे एका मोसमात त्याने लीगमध्ये ३१ गोल केले, क्लब पहिला आला आणि इतिहासात प्रथमच फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. मे २०१२ मध्ये लेस्टर सिटीने वार्डीसाठी दहा लाख पौंड मोजले. नॉन-लीग खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी दिली नव्हती.

इथे थांबून एक हिशेब करू. आठवी, सातवी, सहावी (तिथे तो जेमतेम काही सामने खेळला), पाचवी आणि मग एकदम दुसरी पातळी. चौथी आणि तिसरी त्याने ओलांडूनच टाकली. या उडीची किंमत त्याला मोजावी लागली. लेस्टरमधला पहिला मोसम वाईट गेला, सगळे मिळून पाच गोल. आपण या दर्जाचे नाही, फुटबॉल सोडून द्यावं, इथवर तो आला होता. प्रशिक्षक नायजेल पिअरसन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याला समजावलं. पुढच्या मोसमात १६ लीग गोल झाले आणि लेस्टर प्रीमियर लीगमध्ये पोहोचलं.

त्यानंतरचं बहुतेकांना माहीत आहे. २०१५ मध्ये सलग ११ प्रीमियर लीग सामन्यांत गोल करून त्याने रूड फान निस्टलरॉयचा विक्रम मोडला. २०१६ मध्ये लेस्टरने विजेतेपद मिळवलं, ज्याची शक्यता मोसमाआधी सट्टेवाल्यांनी पाच हजारास एक अशी धरली होती. इंग्लंडसाठी तो २६ सामने खेळला आणि २०२० मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, प्रीमियर लीगच्या त्या मोसमातले सर्वाधिक गोल त्याच्या नावावर होते.

‘हा तर अपवाद झाला. एका माणसावरून काय सिद्ध होतं?’

आक्षेप योग्य आहे. वार्डीइतका उंच कुणी क्वचितच गेला. पण तो एकटा नाही, आणि विशेष म्हणजे यातले बरेच जण स्ट्रायकरच आहेत.

सिरिल रेजिस इलेक्ट्रिशियनचं काम शिकत होते आणि पश्चिम लंडनच्या हेज या छोट्या क्लबकडून खेळत होते. १९७७ मध्ये वेस्ट ब्रॉमिच अल्बियनने त्यांना ५ हजार पौंडांत घेतलं. क्लबसाठी खेळाडू हेरणारे रॉनी ॲलन यांना या पोरावर इतका विश्वास होता की क्लबने नकार दिला तर पैसे मी माझ्या खिशातून भरतो, असं ते म्हणाले होते. पाच वर्षांत रेजिस इंग्लंडकडून खेळले. कृष्णवर्णीय खेळाडूंना मैदानात सर्रास शिव्या पडण्याचा तो काळ. राष्ट्रीय संघात निवड झाल्यावर रेजिस यांना कुणीतरी टपालाने बंदुकीची गोळी पाठवली. ते खेळले. त्याच हेज क्लबमधून १९८७ मध्ये लेस फर्डिनांड वर गेला आणि त्याने पुढे प्रीमियर लीगमध्ये १४९ गोल केले.

इयान राइट जवळजवळ बावीस वर्षांचा होईपर्यंत दक्षिण लंडनच्या छोट्या क्लबांमध्ये खेळत होता. १९८५ मध्ये क्रिस्टल पॅलेसने त्याला चाचणीसाठी बोलावलं आणि पुढे आर्सेनलसाठी त्याने १८५ गोल केले. केविन फिलिप्सला साउदम्प्टनने सोडून दिलं होतं. तिथे तो बचावफळीत खेळायचा. बाल्डॉक टाउन या नॉन-लीग क्लबने त्याला पुढे आणलं आणि १९९९-२००० मध्ये संडरलंडसाठी ३० गोल करून त्याने युरोपातल्या सर्वाधिक लीग गोलांचा ‘गोल्डन शू’ पटकावला. हा मान मिळालेला तो पहिला इंग्लिश खेळाडू होता. चार्ली ऑस्टिन विटा रचायचा आणि पूल टाउनकडून खेळायचा. २०१४-१५ च्या प्रीमियर लीगमध्ये त्याच्या नावावर १८ गोल होते.

पन्नास वर्षं आणि वेगवेगळी गावं, तरी गोष्ट तीच. मग याला अपवाद म्हणता येत नाही, वरच्या चाळणीला भोकं आहेत असं म्हणावं लागतं.

चाळणीतून हे निसटतात कसे?

आपल्याकडे दहावीच्या गुणांवर पोराची शाखा ठरते आणि पुढची कित्येक वर्षं तोच शिक्का राहतो. इंग्लंडच्या अकादम्यांमध्ये असाच एक टप्पा सोळाव्या वर्षी आणि दुसरा अठराव्या वर्षी येतो. त्या वयात मुलांची शरीरं एकसारखी वाढलेली नसतात. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून पोरसवदा असतो. त्या दिवशी जो मोठा आणि दणकट दिसतो तो राहतो, लहानखुरा जातो. एका आंब्याला मोहर लवकर येतो, दुसऱ्याला उशिरा, आणि उशिरा मोहरलेलं झाड काही वांझ नसतं. पण अकादमीला वाट पाहणं परवडत नाही, कारण खालून नवी मुलं येतच असतात.

दुसरं कारण जागेचं. फिलिप्सला चुकीच्या जागी खेळवलं जात होतं. मोठ्या क्लबमध्ये पोराला एक जागा चिकटली की ती सुटत नाही. छोट्या क्लबमध्ये माणसं कमी असल्याने त्याला पुढेही खेळवून पाहिलं जातं आणि तिथे कधीकधी त्याची खरी जागा सापडते.

तिसरं कारण, आणि स्ट्रायकर इतरांपेक्षा जास्त का सापडतात याचं हे उत्तर आहे: गोल मोजता येतात. बचावपटू किती चांगला आहे हे कळायला त्याला दहा वेळा पाहावं लागतं. स्ट्रायकरची कामगिरी सोमवारच्या वर्तमानपत्रात आकड्यात छापून येते. ३१ हा आकडा दोनशे किलोमीटर दूरच्या स्काउटलाही, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्या माणसालाही, स्वस्थ बसू देत नाही.

‘पण खालचे गोल म्हणजे कच्च्या लिंबांविरुद्धचे गोल ना?’

अर्धं खरं आहे. वरच्या पातळीवर बचावपटू जास्त वेगवान असतात हे तर आहेच, पण खरा फरक वेळेचा असतो. आठव्या पातळीवर चेंडू पायात आल्यावर मान वर करून पाहायला जो क्षण मिळतो, तो दुसऱ्या पातळीवर मिळत नाही. विचार चेंडू येण्याआधीच झालेला असावा लागतो. वार्डीला लेस्टरच्या पहिल्या वर्षी त्याच क्षणाची उणीव भासली असणार, असं मला वाटतं.

दुसरीकडे, खालच्या मैदानांवर असं काही शिकायला मिळतं जे अकादमीच्या गालिचासारख्या हिरवळीवर मिळत नाही. पस्तिशीतला, दोन हजार सामने अंगावर वागवणारा वाटेल असा सेंटर-हाफ, म्हणजे मधला बचावपटू, कोपराने कसा अडवतो, चिखलात चेंडू कुठे थांबतो आणि कुठे घसरतो, पंच पाहत नसताना काय काय होतं, हे सगळं. आपल्याकडे कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा यांचे सामने शाहू स्टेडियमवर ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पेठेची इज्जत पणाला लागलेल्या सामन्यात खेळलेला पोरगा गर्दीला घाबरत नाही.

मॅकॉले लँगस्टाफचं उदाहरण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवतं. २०२२-२३ मध्ये नॉट्स काउंटीसाठी त्याने नॅशनल लीगमध्ये ४२ गोल केले. तो विक्रम होता. टीकाकार म्हणाले, वर गेल्यावर पाहू. पुढच्या मोसमात लीग टूमध्ये त्याने २८ गोल केले आणि तिथेही तो सर्वांत पुढे राहिला. मग तो दोन पायऱ्या वर, चॅम्पियनशिपमधल्या मिलवॉलकडे गेला, आणि तिथे तो ओघ आटला. प्रत्येक खेळाडूची एक उंची असते, आणि ती कुठे आहे हे चढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कधीकधी गोल पुरेसे नसतात

नॉन-लीगमधल्या स्ट्रायकरच्या वाटेत बचावपटूंशिवाय आणखी एक अडथळा असतो: मैदान. वर चढायचं तर क्लबच्या स्टेडियममध्ये ठरावीक संख्येने खुर्च्या, छप्पर, प्रकाशझोत आणि दारं असावी लागतात. १९९४ मध्ये किडरमिन्स्टर, १९९५ मध्ये मॅकल्सफील्ड आणि १९९६ मध्ये स्टीव्हनेज, असे लागोपाठ तीन विजेते केवळ मैदान निकषात बसलं नाही म्हणून वर जाऊ शकले नाहीत. स्टीव्हनेजच्या त्या संघाचा स्ट्रायकर होता बॅरी हेल्स. क्लब वर गेला नाही, पण पुढच्या वर्षी ब्रिस्टल रोव्हर्सने हेल्सला घेतलं आणि तो फुलमकडून प्रीमियर लीगपर्यंत पोहोचला. चाळिशी ओलांडल्यावर तो पुन्हा नॉन-लीगमध्येच खेळत होता.

आजही एक नियम क्लबांना जाचतो. नॅशनल लीगमध्ये कृत्रिम हिरवळ चालते, फुटबॉल लीगमध्ये चालत नाही. कृत्रिम मैदान छोट्या क्लबला पोसतं: दिवसभर गावातली पोरं, शाळा, महिलांचे संघ भाडं भरून खेळतात. २०२१ मध्ये सटन युनायटेड आणि २०२४ मध्ये ब्रॉमली वर चढले, तेव्हा दोघांनाही ते मैदान उखडून गवत लावावं लागलं.

पैशाचा दुसरा झरा एफए कपचा. या स्पर्धेत गावचे क्लबही ऑगस्टमध्ये पात्रता फेऱ्यांतून सुरुवात करतात, आणि जानेवारीत एखाद्याची गाठ थेट प्रीमियर लीगच्या क्लबशी पडते. २००५ मध्ये पाचव्या पातळीवरच्या एक्सेटर सिटीने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखलं. बरोबरी झाली की घरच्या मैदानावर पुन्हा सामना व्हायचा. एक्सेटर तो हरलं, पण दोन सामन्यांच्या तिकिटांच्या आणि टीव्हीच्या पैशांनी अडचणीतल्या क्लबला हात दिला. २०२४-२५ पासून एफए कपच्या पहिल्या मुख्य फेरीपासून हे पुनर्सामने रद्द झाले. मोठ्या क्लबांना वेळ नाही म्हणून. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्यांना सामने जास्त झालेत त्यांच्या सोयीसाठी, ज्यांना असा सामना पिढीत एकदा मिळतो त्यांच्याकडून तो काढून घेतला गेला.

‘मग जे वर गेलेच नाहीत, ते अपयशी?’

बहुतेक जण जात नाहीत. शेकडो स्ट्रायकर पंधरा-पंधरा वर्षं पाचव्या ते नवव्या पातळीवर खेळतात, दहा क्लब बदलतात आणि पस्तिशीत थांबतात. काही जण वर जाऊन परत येतात. रिकी मिलरने २०१६-१७ मध्ये डोव्हरसाठी नॅशनल लीगमध्ये ४० गोल केले, पीटरबरोने त्याला घेतलं, वर जम बसला नाही आणि तो पुन्हा खाली आला. काही जण स्वतःहून खाली येतात. पॉल मलिन २०२०-२१ मध्ये केंब्रिजसाठी ३२ गोल करून लीग टूमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि त्यानंतर लगेच एक पायरी खाली, रेक्समला गेला. रेक्सममध्ये पैसा होता हे खरंच, पण तो लिव्हरपूलकडचा आणि रेक्सम तिथून जवळ. तान्हं मूल घरी असणाऱ्या माणसाला रात्री घरी पोहोचणं महत्त्वाचं असतं. दोन वर्षांनी त्याच्या ३८ लीग गोलांवर रेक्सम पंधरा वर्षांनी फुटबॉल लीगमध्ये परतलं.

पाचशे माणसांपुढे खेळणाऱ्याला त्या पाचशेतले निम्मे नावाने ओळखतात. सामना संपल्यावर तो त्यांच्याच बरोबर क्लबहाउसमध्ये उभा असतो. चुकलेल्या पेनल्टीबद्दल त्याला तोंडावर विचारलं जातं आणि दहा वर्षांपूर्वीच्या हॅटट्रिकबद्दलही. हे फुटबॉलमधलं आयुष्य आहे आणि ते भरलेलं आहे. वार्डी मिळावेत म्हणून हे क्लब चालत नाहीत. गावाला शनिवारी दुपारी जायला आपली जागा हवी असते म्हणून चालतात. अधूनमधून त्यांच्यातून एखादा वार्डी निघतो.

रेजिस आणि फर्डिनांड ज्या मैदानावर घडले ते हेजचं चर्च रोड. २००७ मध्ये हेज आणि शेजारचा यीडिंग हे क्लब एकत्र आले. २०११ मध्ये चर्च रोड विकलं गेलं. पुढची काही वर्षं हा क्लब स्वतःचे घरचे सामने दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला, तेव्हा कुठे यीडिंगच्या जुन्या जागेवर त्यांचं स्वतःचं मैदान उभं राहिलं. चर्च रोडवर जिथे गोलपोस्ट होते, तिथे आता घरं आहेत.